बाबांची सालं आणि माझी साल

आईबाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी टोकियोला आले त्याला दोन आठवडे झाले होते आणि एव्हाना त्यांचं सगळं बघून झालं होतं. टॉवर झाला, मोठी देवळं झाली, फुजी ढगात होता तो बघितला असं धरलं. आता बाबा रोज सकाळी आमच्या निशि-कासाईच्या गॅलरीत उभं राहून समोरच्या बिल्डिंगमधल्या एसीचे डबे मोजायचे आणि दुपारी मला ऑफिसात मेसेज करायचे, "४८. एक नवीन बसवलाय." माणूस पाटबंधारे खात्यातून रिटायर झालाय, मोजल्याशिवाय त्याला झोप येत नाही. तेव्हा काहीतरी करणं भाग होतं.

मग मला ती फ्री वॉकिंग टूर सापडली. यानाका नावाचा जुना भाग आहे, १९२३ चा भूकंप आणि १९४५ चे बॉम्बहल्ले या दोन्हीतून बऱ्यापैकी वाचलेला, म्हणून गल्लीबोळ, लाकडी घरं, सत्तरेक देवळं अजून जागेवर आहेत. रिटायर झालेले लोक हौसेने फिरवून आणतात, तीन तास, फुकट. फुकट म्हटल्यावर बाबांनी एसी मोजणं थांबवलं. इंग्लिश टूर फुल होती, जपानीत जागा होती, तर मी छाती पुढे काढून म्हटलं की मी करतो ना ट्रान्सलेट, एन-थ्री पास आहे मी, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पायरी. आता एन-थ्रीच्या जोरावर मी ऑफिसात 'सर्व्हर बंद आहे' आणि 'माफ करा, सर्व्हर बंद आहे' ही दोन वाक्यं उत्तम बोलतो, हे घरात कोणाला माहीत नाही. बायको म्हणाली, तुम्ही जा, मला शनिवारी काम आहे. (तिला शनिवारी काम नसतं. हे मला ट्रेनमध्ये बसल्यावर आठवलं.)

निप्पोरी स्टेशनच्या बाहेर आईने पिशवीतून केळं काढलं. "खा. रिकाम्या पोटी चालू नये." तासाभरापूर्वी दोन डिश पोहे खाल्लेल्या माणसाला हे सांगितलं जात होतं, पण आईच्या हातात सोललेलं केळं असलं की त्यावर चर्चा नसते. खाल्लं. आणि मग माझ्या हातात साल उरली, आणि मी आपला सवयीने इकडे तिकडे बघितलं, आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

जे टोकियोत राहिलेत त्यांना कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगतो, या शहरात रस्त्यावर कचरापेटी नसते. १९९५ मध्ये इथल्या मेट्रोत सरीन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सुरक्षेसाठी पेट्या उचलल्या त्या बहुतेक ठिकाणी परत आल्याच नाहीत. कचरा तुमचा, तुम्ही घरी न्या. आणि तरी रस्ता असा की खाली सांडलेली साखर उचलून चहात घालावी. पाच वर्षं राहून मला हे पाठ आहे, पण आईपुढे माणूस पाच वर्षांचाच असतो.

तेवढ्यात गाइड आले. वय ७६, हातात छोटा झेंडा, गळ्यात लॅमिनेट केलेल्या जुन्या फोटोंची फाइल. आईने त्यांना बघताक्षणी 'मास्तर' नाव ठेवलं. मास्तरांनी आधी आम्हाला वाकून नमस्कार केला, मग माझ्या हातातल्या सालीकडे बघितलं, मग खिशातून झिपवाली प्लॅस्टिकची पिशवी काढून दोन्ही हातांनी मला दिली. मला वाटलं आता साल त्यात घालून ते परत घेतील. छे. पिशवी दिली, साल माझी मलाच.

पहिला स्टॉप तेन्नोजी देऊळ. आत काशाचा बसलेला मोठा बुद्ध, १६९० चा. मी "सोळाशे नव्वद" एवढंच ट्रान्सलेट केलं आणि बाबा म्हणाले, "राजाराम महाराज जिंजीला होते तेव्हाचा." आमच्या बाबांना जगातलं कुठलंही साल सांगा, ते त्याचं मराठ्यांच्या इतिहासात रूपांतर करून देतात, जसं बाकीचे लोक येनचे रुपये करतात. "सांग त्यांना." आता जिंजी जपानीत काय सांगणार? आमचे राजे तेव्हा लांब दक्षिणेत एका किल्ल्यात होते, असं काहीतरी बोललो. मास्तर "नारुहोदोऽऽ" म्हणाले, म्हणजे 'अस्सं होय', आणि त्यांनी चक्क वही काढून लिहून घेतलं. इथेच चूक झाली. साठ-पासष्ट वर्षांत बाबांचं म्हणणं पहिल्यांदाच कोणीतरी लिहून घेत होतं.

मग दफनभूमी. यानाकाची दफनभूमी १८७४ पासून सार्वजनिक आहे, मधोमध चेरीच्या झाडांचा रस्ता, लोक निवांत सायकलवरून जातात. तिथे एका कुंपणात नुसते चौथऱ्याचे दगड आहेत. पाच मजली पॅगोडा होता, पहिला १६४४ चा. तो १७७२ च्या आगीत गेला...

"थोरले माधवराव गेले ते साल!" बाबा ओरडलेच. आजूबाजूला हजारो लोक शांत झोपलेत, त्यात हे. मास्तरांनी वही उघडून माझ्याकडे बघितलं. मला पेशवा येईना, वारले येतं, म्हणून मी म्हटलं की आमचे पंतप्रधान वारले, क्षयाने, फार तरुण होते. काळाचा प्रत्यय कुठेतरी घसरला असणार, कारण मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि बाबांपुढे कमरेत वाकून अतिशय मनापासून सांत्वन केलं. बाबांना शब्द कळला नाही पण सूर कळला. त्यांनीही हात जोडले. अशा रीतीने थोरल्या माधवरावांचा समाचार अडीचशे वर्षांनी टोकियोत घेतला गेला आणि आमच्या घरच्यांनी तो स्वीकारला.

तो पॅगोडा १७९१ मध्ये परत बांधला आणि १९५७ मध्ये एका जोडप्याने आत आत्महत्या करताना आग लावली, त्यात संपला. आईला हे सांगितल्यावर ती बराच वेळ त्या दगडांकडे बघत राहिली, मग म्हणाली, "काय ग बाई, घरच्यांनी नीट ऐकून घेतलं असतं तर..." आणि पुढे बोललीच नाही. शेजारीच छोटी पोलीस चौकी आहे. मी सालीची पिशवी जर्किनच्या आत घेतली. का, ते विचारू नका, केळं रीतसर विकत घेतलेलं होतं.

"आता शोगुनची समाधी. सुगु सोको." शोगुन म्हणजे इथला जुना लष्करी सत्ताधीश, आणि सुगु सोको म्हणजे 'हे काय, इथंच'. हे अंतर मला ओळखीचं निघालं. आमच्या गावाकडे म्हातारी माणसं "हितंच हाय की, त्या वडाम्होरं" म्हणतात आणि वड पुढच्या तालुक्यात असतो, तसंच. मास्तर झेंडा वर धरून असे सुटले की जणू शोगुन निघून जाणार आहेत. मी, सिंहगड दर पावसाळ्यात चढायचो असं सगळ्यांना सांगणारा माणूस, आईच्याही मागे होतो.

शेवटचा शोगुन तोकुगावा योशिनोबु, १८६७ मध्ये सत्ता सोडली, १९१३ पर्यंत जगला, मधल्या काळात फोटो काढले, शिकार केली, सायकल चालवली. कुंपणापलीकडे त्याची गोल घुमटीसारखी कबर. मी सांगून संपवायच्या आत बाबा म्हणाले, "म्हणजे यांचे दुसरे बाजीराव. ब्रह्मावर्ताला जाऊन बसले तसे." मग थोडं थांबून, "पण हा माणूस बरा दिसतोय. रिटायरमेंट वाया नाही घालवली." त्यांनी गॅलरीतल्या एसींचा विचार केला असावा असं मला वाटलं. त्याच दफनभूमीत शिबुसावा एइइचि पण आहेत, तेच ते २०२४ पासून दहा हजारच्या नोटेवर आलेत, आणि तरुणपणी याच योशिनोबुच्या पदरी होते. बाबांनी खिशातून नोट काढून चेहरा नीट बघून घेतला. नोट माझी होती.

पुढे आसाकुरा फुमिओ या शिल्पकाराचं घर, आता म्युझियम. दारात बूट काढायचे, पिशवीत घालून बरोबर न्यायचे, आणि अनवाणी चालत नाही, मोजे पाहिजेत. बाबा सँडलवर. मी फोडून सांगितलं की बाबा, मोजे लागतात. बाबा म्हणाले, पंढरीला अनवाणी चालते, इथे चालत नाही? हे मी ट्रान्सलेट केलं नाही.

मास्तर म्हणाले काही हरकत नाही, आधी बाजार करू, मोजे मिळतील, मग परत येऊ. सुगु सोको. वाटेत क्योओ-जी देवळाच्या लाकडी दारात १८६८ च्या लढाईतल्या गोळ्यांची भोकं आहेत, शोगुनच्या बाजूचे लोक आत लपले होते आणि सरकारी फौजेने झाडल्या. आईने भोकात बोट घालून बघितलं आणि आपल्याकडे असतं तर एव्हाना कोणीतरी दाराला ऑइलपेंट मारला असता म्हणाली. मग युयाके दानदान, म्हणजे सूर्यास्ताच्या पायऱ्या, वरून सगळा बाजार दिसतो, फोटोवाले तिथे तासनतास उभे असतात. मला पायऱ्या दिसल्या की एकच विचार येतो, की याच परत चढायच्यात.

खाली यानाका गिन्झा, दोनशे मीटरचाही बाजार नसेल पण गर्दी अशी की आमच्या खालच्या रस्त्याला दिवाळीत असते. भाग मांजरांसाठी प्रसिद्ध, छपरांवर लाकडाची सात मांजरं बसवलीत, आणि दुकानातली प्रत्येक वस्तू मांजराच्या आकाराची. तेव्हा बाबांना मोजे मिळाले ते गुलाबी, अंगठ्यावर मिशा आणि दोन कान. दुसरे होते पण त्यावर मासे होते आणि बाबा म्हणाले, "शनिवार आहे."

इथे माझ्या आयुष्यात आशेचा किरण आला. खिम्याच्या कटलेटच्या दुकानासमोर चक्क कचरापेटी! मी झिप उघडत पुढे झालो, तर वर पाटी, फक्त आमच्या दुकानातून घेतलेल्याचा कचरा. मग कटलेट घ्यायचं का? पण आई शेजारी, शनिवार, खिमा. पुढे कोल्ड्रिंकच्या मशीनला दोन भोकं, बाटली आणि कॅन, केळ्याचं भोक नाही. पुढे चोवीस तासांचं दुकान, आत पेटी, वर पाटी, कृपया घरचा कचरा आणू नये. मी म्हटलं बाबा, हा काही घरचा कचरा नाही, मी रस्त्यात खाल्लं. बाबा मांजरी मोजे हातात धरून म्हणाले, "केळं घरून आणलेलं. उगम बघतात." ३४ वर्षं पाटबंधारे. उगमावर त्यांच्याशी कोण वाद घालणार.

पायऱ्या परत चढल्या. म्युझियम मात्र फार सुंदर निघालं, मध्ये पाण्याची बाग, वर गच्चीत झाडं, आणि आसाकुराला पण मांजरांचं वेड, एका खोलीत काशाची मांजरंच मांजरं. त्यांच्यामधून बाबा गुलाबी मोजे घालून हात मागे बांधून फिरत होते आणि दोन जपानी आज्या पुतळे सोडून त्यांच्या पायांकडे बघत होत्या. १९१० चं 'कबरी राखणारा' नावाचं शिल्प आहे, जवळच्याच दफनभूमीतल्या म्हाताऱ्यावरून केलेलं, हात मागे, जरा पुढे झुकलेला. बाबा त्याच्यासमोर तसेच उभे. आत फोटो काढायला बंदी होती हे आयुष्यभराचं दुःख. माझ्या एका हातात तिघांचे बूट, दुसऱ्या हातात साल, जी आता काळी पडून पिशवीला आतून वाफ धरायला लागली होती.

मग एका तिठ्यावर प्रचंड झाड. मास्तर म्हणाले, हिमालय-सुगि, कुंडीतलं रोप होतं, वाढत वाढत एवढं झालं. आईने मान वर केली. "अरे, देवदार हा. आपल्याकडचा." आणि तिने त्याच्या खोडावर हात फिरवला, जसा आल्या आल्या माझ्या पाठीवर फिरवला होता, आणि पिशवीतून दुसरं केळं काढलं. मी नको म्हणालो. आयुष्यात प्रथमच, ठामपणे.

तिथून नागमोडी गल्ली, नावच साप-गल्ली, इतकी वळणं की आपण मघाशी इथेच होतो असं दर मिनिटाला वाटतं. मास्तरांनी सांगितलं की खाली नदी आहे, झाकून टाकलेली, रस्ता तिच्याच वळणांवर, आणि दोन वॉर्डांची हद्दही तीच. झालं. बाबा रस्त्यातच थांबले. विसर्ग किती? पूररेषा? जमीन कोणाच्या नावावर? 'विसर्ग' एन-थ्रीत नाही. मी मोबाइल शोधेपर्यंत बाबांनी मास्तरांच्या वहीत पेनाने पाटाचा आडवा छेद काढून दिला होता, मास्तरांनी त्यात बाण काढले, आणि दोघं एकमेकांच्या भाषेत मोठमोठ्याने वाद घालत माझ्याशिवायच पुढे निघून गेले.

नेझु देवळापाशी मी पोचलो तेव्हा तीन तासांचे साडेचार झाले होते. लाल तोरणांचा बोगदा आहे, कमानी बुटक्या, मी वाकायला विसरलो. कपाळ चोळत ऐकलं, इमारत १७०६ ची. आता मीच आधी म्हटलं, "ताराबाई." बाबा म्हणाले, "आणि औरंगजेबाला एक वर्ष बाकी." मास्तर लिहीत होते.

घरी आल्यावर मी पहिली धाव किचनकडे घेतली तर बायको म्हणाली, ओला कचरा मंगळवारी, सकाळी आठच्या आत, विसरलास का, आणि तो वास इथे नको. साल तीन दिवस डीपफ्रीजमध्ये वाटाण्यांच्या शेजारी राहिली. झिपची पिशवी मात्र आईने काढून घेतली, साबणाने दोनदा धुतली, चिमटा लावून गॅलरीत वाळत घातली. मी म्हटलं आई, टाकून दे, तसल्या शंभर मिळतात. ती म्हणाली, "मास्तरांची आहे. शनिवारी परत द्यायची."

शुक्रवारी रात्री बघतो तर पिशवीत चिवडा. रिकामी कशी द्यायची म्हणे. बाबा सोफ्यावर बसून गुलाबी मोज्यांची जोडी जुळवत होते आणि त्यांना एवढंच हवं होतं, की उद्याची टूर कुठल्या सालापासून सुरू होते.