बद नावाचा बॅड

फारसीच्या वर्गात परवा चाचणी झाली. प्रश्न होता, इंग्रजी आणि फारसीतली एकाच मुळाची एक जोडी लिहा. मी 'दोख्तर–डॉटर' लिहिलं. 'खे'चा नुक्ता जरा तिरका पडला म्हणून बाईंनी अर्धा गुण कापला. शेजारच्या काकांनी लिहिलं 'बद–बॅड'. पूर्ण गुण, वर लाल शाईत 'आफरीन'.

आता ही जोडी म्हणजे शुद्ध योगायोग. उच्चार जुळतो, अर्थ जुळतो, नातं मात्र शून्य. भाषाशास्त्रवाले फसव्या जोड्यांचा विषय निघाला की हीच आधी काढतात. चहाच्या सुट्टीत न राहवून मी काकांना गाठलं.

"काका, हा 'बद' सासानी काळात, म्हणजे इस्लाम येण्याआधीच्या इराणात, 'वद' होता. बॅडशी त्याचा काही संबंध नाही."

काकांनी बिस्किट बशीत ठेवलं. "वद?"

"हो, वद."

"अहो, मग संस्कृतच की! वद म्हणजे बोल. जो वाईट बोलला तो बद."

"आणि बॅड?"

"त्यांनी ऐकून घेतलं."

"कुणी?"

"इंग्रजांनी. दुसरं काय केलं त्यांनी इथे?"

मी विल्यम जोन्स काढला. १७७१ साली फारसीचं व्याकरण लिहिणारा माणूस. १७८६ साली कलकत्त्यात त्याने संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका मुळाच्या असाव्यात असं सांगितलं आणि जुनी फारसीही त्याच घरात बसवली. पेदर–फादर, बरादर–ब्रदर, नाम–नेम ही खरी भावकी. काका शांतपणे म्हणाले, "जोन्स इंग्रजच ना? मग तो आपल्या बाजूने कशाला बोलेल?" जोन्स आपल्याच बाजूने बोलत होता, हे सांगेपर्यंत त्यांनी माझं बिस्किट घेतलं होतं.

काका बँकेतून निवृत्त, पक्के भाषाशुद्धीवाले. तारीख म्हणत नाहीत, दिनांक म्हणतात. वर्गात येण्याचं कारण घरातली एक फारसी सनद. वतनाच्या जमिनीवरून पुतण्याशी वाजलंय. त्या भांडणातले दावा, वकील, अर्ज, वारस, जमीन हे सगळे शब्द फारसीतून आलेले. शुद्धीकरण करायचं ठरवलं तर काकांकडे फक्त पुतण्या उरेल.

पण माझा खरा राग काकांवर नाहीच. आमच्या पुस्तिकेचं पहिलं पान आहे 'तुम्हाला आधीच येणारे शब्द'. बाजार, कारवाँ, पायजमा, शाल. प्रत्येकापुढे इंग्रजी स्पेलिंग, म्हणजे आम्हाला ओळख पटावी! पुण्यात बसून, पेशवा हा शब्द रोज तोंडात असताना, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरून रिक्षाने येऊन, आम्ही बाजार लंडनमार्गे शिकायचा. चिटणिसातला 'नीस' म्हणजे फारसीतला 'नवीस', लिहिणारा, हे बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "ते पुस्तिकेत नाहीये. आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांना हेच सोपं जातं." मुलं कुठली? वर्गात सगळ्यात लहान मी, आणि मला चाळिशीचा चष्मा आहे. राज्यकारभारातून फारसी शब्द हटवायला शिवाजी महाराजांना राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला, इतके ते आपल्यात मुरले होते. त्यातले बरेच तरीही हलले नाहीत. आमच्या पुस्तिकेने मात्र ते बिनबोभाट हलवले.

बरं, अर्ध्या गुणाचं काय? बाईंना 'बद'चं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लक्षात राहतंय ना? मग चालतंय की." चालतंय! मग माझा नुक्ता का चालत नाही? तोही लक्षात राहण्यासारखाच पडला होता.

फी परत मिळत नाही, विचारून झालं. येत्या शनिवारी आकडे आहेत. काकांनी आत्ताच गटावर टाकलंय: 'शेश म्हणजे सहा. आपला शेषनागच तो. फणे मोजावेत.' खाली बाईंचा अंगठा.