सॅम्पल नासवायचंय? मग हे वाचाच

ब्लड काढायला लागतं काय? एक सुई, दोन-चार बल्ब (रक्त भरायच्या रंगीत टोपणाच्या नळ्या हो) आणि समोर एक गरीब हात. बाकी सगळं आम्ही लॅबवाले निस्तरतो, आम्हाला दुसरं काम काय असतं.

टूर्निकेट, म्हणजे दंडावरचा पट्टा, कचकचून आवळा आणि मग निवांत व्हेन शोधत बसा. एका मिनिटात सोडायचं वगैरे परीक्षेत लिहायला ठीक आहे. तोवर पेशंटला मूठ उघड-मीट करायला लावा, पोटॅशियम चढलं तर चढलं, बिचाऱ्याचा व्यायाम तरी होईल.

स्पिरिट लावलं की ओल्यावरच टोचा. 30 सेकंद वाळू द्यायला आपण काय भिंत रंगवलीय?

सलाईन चालू आहे त्याच हातातून काढा, म्हणजे बाटलीत जे असेल ते रिपोर्टात फुकट.

निळा बल्ब अर्धाच भरा. 9 भाग रक्ताला 1 भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारं) लागतं, खुणेपर्यंत भरा, हे आम्ही ओरडतच असतो, तुम्ही लक्ष देऊ नका. पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, खोटाच लांबलेला येईल आणि ऑपरेशन पुढे जाईल, सगळ्यांना आराम.

जांभळा बल्ब अजिबात उलटा करू नका, गुठळी छान बनते. किंवा मग कफ सिरपच्या बाटलीसारखा खळखळवा. हळूच 8-10 वेळा उलटसुलट करणं हे अगदीच मिळमिळीत.

आता खास ट्रिक. लाल बल्बात रक्त कमी पडलं ना, मग जांभळ्यातलं थोडं त्यात ओता! रक्त ते रक्तच, रंग काय बघायचे. परवा मला असंच एक सॅम्पल आलं, पोटॅशियम 9.8, कॅल्शियम 4.1. मी मशीन तपासलं, कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले नमुने) लावले, परत रन केलं, आकडे तेच. वॉर्डात फोन केला तर पेशंट म्हणे पेपर वाचत बसलाय, तुमचं मशीनच बिघडलंय. अहो, पोटॅशियम खरंच 9.8 असतं तर तो पेपर वाचत बसला असता का? जांभळ्या बल्बात ईडीटीए असतं, तेही पोटॅशियमचंच मीठ, आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणूनच त्यात रक्त गोठत नाही. म्हणजे एक चढणार, दुसरं पडणार, हे आकडे बघूनच कळतं की कुणीतरी ओतलंय. विचारलं तर "नाही हो, आम्ही असं कधीच करत नाही". मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, थोडंसंच टाकलं होतं. थोडंसंच!! आणि तोवर तिकडे पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन-ग्लुकोज चढवायची तयारी सुरू. नवीन सॅम्पल आलं, पोटॅशियम 4.2.

बल्बवर नाव आधीच लिहून ठेवा, वेळ वाचतो. दोन पेशंटची अदलाबदल झाली तर होऊ दे, ब्लड ग्रुपच तर आहे.

नाही, बास झालं. यात हसण्यासारखं काही नाही. पोटॅशियम नॉर्मल असलेल्या माणसाला तुम्ही ते उतरवायचं औषध देणार होतात. बल्ब ठरलेल्या क्रमाने भरा, आधी कल्चर (रक्तातले जंतू तपासायची बाटली), मग निळा, लाल, हिरवा, जांभळा, शेवटी करडा, तो क्रम आम्ही टाइमपास म्हणून भिंतीवर चिकटवलेला नाही. सिरिंजची सुई काढल्याशिवाय दट्ट्या दाबून बल्बात रक्त मारू नका, पेशी फुटतात, आणि मग सीरम (गोठल्यावर वर सुटणारं पिवळसर पाणी) लाल आलं की शिव्या आम्ही खातो. वापरलेल्या सुईला टोपण घालत बसू नका, उद्या तुमच्याच बोटात जाईल. नाव पेशंटच्या तोंडून वदवून घ्या, "तुम्ही अमुकच ना?" म्हटलं तर गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो, आणि लेबल तिथेच, त्याच्यासमोर लावा. रक्त कमी पडलं तर कमी पडलं म्हणून सांगा ना! परत टोचलं तर पेशंट ओरडेल, नातेवाईक ओरडतील, ओरडू दे. आणि मशीन बिघडलंय म्हणायच्या आधी एकदा स्वतःचा ट्रे बघा.