सांभाराचे तीन भाव

दर रविवारी बाजारातून आलो की माझी उलटतपासणी होते. थैली अजून खांद्यावरच असते, अन् ओसरीतल्या बाजेवरून आबाजी विचारतात, "सांभार काय भाव देल्ला रे?" (सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर.)

आबाजी म्हणजे माझे आजोबा, चौऱ्याऐंशीचे. त्यांच्या डोक्यातलं भावाचं घड्याळ एकाधिकार कापूस खरेदी (सगळा कापूस एकट्या सरकारनेच घ्यायचा) सुरू झाली त्या 1972 सालीच बंद पडलं. बाबांचं चार आण्यावर थांबलं आहे. 2011 साली सरकारने चार आण्याची नाणी बाद केली तेव्हा त्यांच्या डब्यात साडेसतरा रुपयांची निघाली, अन् बाबा दोन दिवस सुतक असल्यासारखे बसले. खरा भाव सांगितला तर आबाजींचा बीपी वाढतो अन् बाबांचं तोंड सुटतं. म्हणून मी तीन भाव ठेवले आहेत. जुडी चाळीसची असली तर बायकोला चाळीस (तिला शेजारणीकडून आधीच कळलेलं असतं), बाबांना दहा, आबाजींना "वांग्यावर फुकट भेटला". दोन नंबरचा धंदा करणारेही दोनच वह्या ठेवतात हो!

फक्त पोराच्या मोबाईलचा रिचार्ज मी लपवू शकलो नाही. त्यात आबाजींना पैशापेक्षा अठ्ठावीस दिवसांचा महिना जास्त खटकला. "बाराही महिने फेब्रुवारीच असते का बे?"

भाव पाडला की मागणी वाढते, हे मला आबाजींनी शिकवलं. एका एप्रिलमध्ये मी बोलून गेलो, की लिंबं रुपयाला चार आहेत. पुढच्या रविवारी त्यांनी बंडीच्या खिशातून दहाची नोट काढली. "चाळीस आन. लोनचं घालू." बाजारात त्या दिवशी एक लिंबू दहाचं. मी अकरा आणली, बाकीची सडकी निघाली म्हणालो. "मंग पैसे वापस काऊन नाई घेतले?" याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही.

तर 2025 च्या दिवाळीत पोरगा अमरावतीहून आला. सीतादही (वेचाईआधीची कापसाची पूजा) होऊन पहिली वेचाई घरात आली होती, आबाजी खुशीत होते. पोरासोबत किराणा घ्यायला गेले. फल्लीतेल, तुरीची डाळ, साखर, अजून काहीबाही. ते ओट्यावर टेकले अन् पोराने मोबाईलवरून पैसे दिले. लगेच काउंटरवरचा डबा बाईच्या आवाजात अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असा ओरडला, "आठशे दहा रुपये प्राप्त झाले!"

एरवी कानाशी जाऊन ओरडलं तरी आबाजींना ऐकू येत नाही.

घरी आले ते गुमान बाजेवर बसले. सांभाराचं नाव नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "कापूस काय भाव हाये?"

"लांब धाग्याले क्विंटलमागं हमीभाव 8110." (व्यापारी त्याहून कमी देत होता, पण एका दिवशी किती वाईट बातम्या द्यायच्या?)

"म्हनजे त्या थैलीत दहा किलो कापूस गेला."

मी मोबाईल काढून भागाकार केला. 9.99, म्हणजे दहाच. आबाजींची शाळा चौथीपर्यंत.

"बहात्तर साली क्विंटलभर कापूस इकला अन् तुह्या आजीले तोयाभर सोन्याची एकदानी केली. आता तोयाले किती क्विंटल लागते?"

सोन्याने 2025 साली लाखाची वेस ओलांडली. बारा क्विंटल विकूनही तोळा भरत नव्हता. हे सगळं मला ठाऊक होतं. पण इतक्या वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं, "लागते दोनेक क्विंटल, आबाजी."

आबाजींनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग घरात रचलेल्या कापसाच्या ढिगाकडे पाहिलं.

"मंग चार क्विंटल ने रविवारी," ते म्हणाले, "अन् दोन तोये घेऊन ये. पोराच्या लग्नाले लागन."

कोपऱ्यात बाबा तोंडात दुपट्ट्याचा बोळा कोंबून हसत होते.