पूजेतलं कोलकाता: खोली भाड्यावरून निवडायची की मेट्रोवरून?

"न्यू टाउनला अठराशेत एसी रूम मिळून राहिली, आणि तू बत्तीसशेची घे म्हणतो? काहून बे?" बंटीनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

शंकरनगर चौकातल्या आमच्या कट्ट्यावर रविवारी हा वाद पेटला, तो पोहेवाल्याची तर्री संपली तरी संपेना. यंदाची दुर्गापूजा कोलकात्यात बघायची हे सगळ्यांना मान्य होतं. धंतोलीतल्या बंगाली मंडळींची पूजा आम्ही लहानपणापासून बघत आलोय आणि मूळ ठिकाणची बघायची इच्छा जुनीच आहे. नागपूरकरांना गाड्यांची सोयही चांगली: गीतांजली, मुंबई-हावडा मेल आणि पुण्याहून येणारी आझाद हिंद, तिन्ही थेट हावड्याला जातात. अडलं ते राहण्यावर. माणसं सहा आणि खिसे बेताचे. 2021 च्या डिसेंबरात युनेस्कोनं कोलकात्याच्या दुर्गापूजेला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हापासून या दिवसांत तिथं जाणाऱ्यांत आपल्यासारख्या परप्रांतीयांचीही भर पडली आहे.

बंटीचं म्हणणं सरळ होतं. खोलीत फक्त झोपायचं, मग ती शहराबाहेर असली तर बिघडतं कुठं? न्यू टाउन, राजारहाट, विमानतळाजवळचं कैखाली, जिथं स्वस्त मिळेल तिथं घ्यावी. "कॅब करू ना भाऊ, सहा जण आहोत."

मी त्याला पूजेच्या दिवसांतलं कोलकाता कसं असतं ते सांगितलं. दुपारनंतर मोठ्या मंडपांभोवतीच्या रस्त्यांवर पोलीस वाहतूक वळवतात, बांबूचे कठडे लागतात आणि माणसं रस्त्यानं चालतात. विमानतळाकडून शहरात येणाऱ्या व्हीआयपी रोडवरच श्रीभूमीचा मंडप आहे. 2021 मध्ये त्यांनी बुर्ज खलिफाची प्रतिकृती उभी केली आणि इतकी गर्दी लोटली, की ऐन पूजेत लोकांना आत सोडणं बंद करावं लागलं. 2015 ला देशप्रिय पार्कनं जगातली सर्वांत मोठी दुर्गा म्हणून गाजावाजा केला, तिथंही पंचमीलाच दर्शन थांबवलं होतं. अशा गर्दीतून रात्री दोन वाजता कैखालीला जायला कॅब कोण देणार? आणि मिळालीच तर काय भाड्यानं?

"हिशेब करून दाखव," वकील म्हणाला. त्याला आकड्यांशिवाय काही पटत नाही.

मग पोहेवाल्याच्याच कागदावर हिशेब मांडला. धरून चाल, एका खोलीत तिघं, म्हणजे दोन खोल्या. न्यू टाउनला अठराशेच्या दरानं चार रात्रींचे होतात चौदा हजार चारशे. मेट्रोजवळ बत्तीसशेच्या दरानं पंचवीस हजार सहाशे. फरक अकरा हजार दोनशेचा. आता सहा जणांना एक मोठी गाडी नाहीतर दोन लहान. गर्दीच्या वेळी एका लहान गाडीला एका फेरीचे सातशे धरले, तर दोन गाड्यांचे जाऊन-येऊन अठ्ठावीसशे. चार दिवसांचे नेमके अकरा हजार दोनशे! वाचलं काय? वर रोजचे तीन-चार तास गाडीत बसून, ते वेगळंच. सातशे हा माझा अंदाज आहे. बंटी पाचशे म्हणाला, वकील हजार म्हणाला. पण कोणताही आकडा घेतला तरी स्वस्त खोलीतल्या बचतीचा मोठा लचका कॅब तोडते, हे बंटीलाही नाकारता आलं नाही.

माझं म्हणणं एवढंच, की पूजेत कोलकात्यात खोली शोधताना आधी नकाशावर मेट्रोची ब्लू लाइन बघायची आणि भाडं मग बघायचं. आपल्या देशातली पहिली मेट्रो ही, 1984 पासून धावतेय. तिच्या उत्तरेच्या टोकाला दक्षिणेश्वर आहे, मध्ये श्यामबाजार, शोभाबाजार, सेंट्रल, एस्प्लनेड, पार्क स्ट्रीट आणि दक्षिणेला जतीन दास पार्क, कालीघाट. आता मोठे मंडप कुठं आहेत ते बघा. बागबाजारला जायचं तर श्यामबाजार किंवा शोभाबाजारला उतरायचं. कुमारटुली ही मूर्तिकारांची वस्ती आणि 1757 पासून पूजा चालत आलेली शोभाबाजार राजबाडी, दोन्ही शोभाबाजारहून पायी. कॉलेज स्क्वेअर आणि मोहम्मद अली पार्कसाठी सेंट्रल किंवा महात्मा गांधी रोड. देशप्रिय पार्क, बादामतला, 66 पल्ली ही सगळी कालीघाटच्या आसपास. पूजेचं अर्धं शहर या एका रुळावर बसलंय. आणि मुख्य गोष्ट म्हणजे गेली काही वर्षं सप्तमी, अष्टमी, नवमीला ही लाइन दुपारपासून पहाटेपर्यंत चालवतात. तिकीट पाच रुपयांपासून सुरू होतं. रात्री तीनला खोलीवर परतायचं असेल, तर एवढा भरवसा दुसऱ्या कुठल्याच वाहनाचा नाही.

मास्तर इतका वेळ गप्प होते. भूगोल शिकवण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे नकाशाचा विषय निघाला की शेवटी ते बोलतातच. म्हणाले, "तुझी ब्लू लाइन खरी, पण ग्रीन लाइनला विसरू नकोस. हावडा मैदान ते सॉल्ट लेक सेक्टर फाइव्ह ती आता सलग झाली. हुगळीखालून मेट्रो 2024 च्या मार्चमध्ये गेली, आणि सियालदाह ते एस्प्लनेडचा राहिलेला तुकडा 2025 च्या ऑगस्टमध्ये जोडला. करुणामयी, सिटी सेंटर या स्टेशनांजवळ गेस्ट हाउस बरीच आहेत. सेक्टर फाइव्ह म्हणजे ऑफिसांचा भाग. पूजेत ऑफिसं बंद, कंपन्यांची माणसं आपापल्या घरी. तिथल्या हॉटेलवाल्याला तेव्हाच गिऱ्हाईक हवं असतं."

हा मुद्दा मला फार मोलाचा वाटला. गर्दीच्या हंगामात सगळं शहर सारखं भरत नाही, हे आपण धरतच नाही. बंगाली माणूस पूजेच्या सुट्टीत स्वतःच फिरायला निघतो. पुरी, दीघा, दार्जिलिंग ओसंडून वाहतात. म्हणजे कोलकात्यात एकीकडे माणसं येत असतात आणि दुसरीकडे जात असतात. दाटी होते ती मध्य आणि दक्षिण कोलकात्यात. मास्तरांच्या योजनेत खोट एकच, पहाटेपर्यंतची सोय मुख्यतः ब्लू लाइनवर असते. ग्रीन लाइनची शेवटची गाडी त्या वर्षीच्या वेळापत्रकात बघून मगच सॉल्ट लेकला खोली घ्यायची.

"आणि न्यू टाउन?" बंटीनं पुन्हा विचारलं. न्यू टाउन सेक्टर फाइव्हच्याही पलीकडे. तिथून स्टेशन गाठायलाच पुन्हा गाडी. मास्तरांनी नुसती मान हलवली.

ताईला मात्र या कशातच रस नव्हता. तिचा प्रश्न वेगळा होता. "माय, बायामाणसं सोबत आहेत, रात्रभर हिंडायचं आहे, म्हणजे दिवसा झोप पाहिजे की नाही? ढाक आणि लाउडस्पीकरच्या शेजारी कोण झोपणार? मला स्वच्छ बाथरूम आणि शांत खोली द्या, मग ती कुठंही असो." हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पूजेत रात्र बाहेर जाते आणि झोप सकाळी नऊ ते दुपारी दोन. ऑक्टोबरातही कोलकात्यात घाम फुटतो, म्हणून एसीवर पैसे वाचवण्यात अर्थ नाही. खोली मंडपाच्या बाजूची नको, मागच्या बाजूची द्या, हे फोनवर विचारून घ्यायचं. ॲपवरच्या फोटोत हे दिसत नाही.

ताईनंच दुसरी वाट काढली. तिच्या आत्याच्या घरचे हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात उतरले होते. कोलकात्यातल्या मराठी लोकांनी उभी केलेली ही जागा जतीन दास पार्क मेट्रोच्या अगदी हाताशी आहे. खोल्या थोड्या, त्यामुळे लवकर विचारायला हवं, पण ठिकाण बघा ना! दक्षिणेतले मंडप पायी, उत्तरेतले मेट्रोनं. तसंच रासबिहारी ॲव्हेन्यूवर भारत सेवाश्रम संघाचं मुख्यालय आहे, तिथं यात्रेकरूंसाठी राहण्याची सोय असते. गोलपार्कला रामकृष्ण मिशनच्या सांस्कृतिक संस्थेचं अतिथिगृहही आहे. अशा ठिकाणी नियम असतात. रात्री दार बंद होण्याची वेळ असते, काही ठिकाणी मांसाहार-मद्य चालत नाही. पहाटे तीनला परतणाऱ्यांना दार कोण उघडणार, हे आधीच विचारायला लागेल.

वकिलाला संस्थाबिंस्था नको. त्याचं मत पडलं सदर स्ट्रीट आणि मार्क्विस स्ट्रीटकडे. पार्क स्ट्रीट मेट्रोपासून पायी, न्यू मार्केटला लागून, लॉज एकाला एक चिकटलेले. "तिथं मुख्य गिऱ्हाईक बांगलादेशचं होतं. उपचाराला येणारे, खरेदीला येणारे. 2024 च्या ऑगस्टनंतर व्हिसा आटले आणि तो भाग बसला. आपण जाऊन उभं राहायचं, दोन-चार ठिकाणी विचारायचं, घासाघीस करायची. आगाऊ पैसे कशाला अडकवायचे?"

धंदा बसला हे खरं. पण षष्ठीच्या सकाळी सामान, ताई आणि मास्तरांना घेऊन दारोदार हिंडणं मला साफ नामंजूर आहे. एकटा पोरगा असता तर जाऊ दे म्हटलं असतं. सहा जणांना लागून दोन खोल्या, तीही तीन खाटांच्या, ऐनवेळी मिळणं कठीण. मिळाल्या तरी त्या ज्या कुणाला नको होत्या त्या. वकिलाचं एक मात्र घ्यावं: त्या भागातल्या लॉजना थेट फोन करावा. ॲपवर जो भाव दिसतो त्यातून ॲपवाल्याचं कमिशन जातं, म्हणून थेट विचारलं तर मालक थोडं सोडतो.

"ॲपचंही बघून बे, अन् थेट फोनचंही," बंटी म्हणाला. त्याच्या चुलतभावानं एका ॲपवर बुकिंग केलं होतं, पैसेही भरले होते. दारात गेल्यावर मॅनेजर म्हणाला, आमच्याकडे असं बुकिंगच नाही. हे टाळायचं असेल तर ॲपवर बुक केलं तरी हॉटेलात फोन करून आपलं नाव त्यांच्या वहीत आहे का ते विचारावं, निघायच्या आठवड्यात पुन्हा विचारावं. आणि नकाशावर सापडलेल्या कुठल्याही नंबरवर यूपीआयनं सगळे पैसे टाकू नयेत. हॉटेलांच्या नावानं खोटे नंबर आणि खोट्या वेबसाइट टाकून लुबाडणारे टोळके सणाच्या दिवसांत जोरात असतात. थोडा बयाणा, बाकी खोली बघून.

मग आलं सगळ्यांत महत्त्वाचं: आधी काय, रेल्वे की खोली? बंटी म्हणाला, तिकीट कन्फर्म झाल्याशिवाय खोली कशी घेणार? पूर्वी रेल्वेचं आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं. 2024 च्या 1 नोव्हेंबरपासून ते 60 दिवसांवर आलं. तिकिटाची वाट बघत बसलो, तर पूजेला जेमतेम दोन महिने उरतात आणि चांगल्या जागच्या मध्यम दराच्या खोल्या तोवर गेलेल्या असतात. म्हणून खोली आधी, पण मोफत रद्द करता येईल अशीच. तिला नॉन-रिफंडेबलपेक्षा चार पैसे जास्त पडतात. ते देण्यासारखे आहेत, कारण वेटिंगचं तिकीट हातात असताना परत न मिळणारे पंचवीस हजार गुंतवणं हा शुद्ध जुगार आहे. तिकीट कन्फर्म झालं की पुन्हा भाव बघायचे. त्याच जागी स्वस्त दिसलं तर जुनं सोडून नवं घ्यायचं.

करांबद्दल वकिलानं चांगली आठवण दिली. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी आधी 12 टक्के होता, 2025 च्या 22 सप्टेंबरपासून 5 टक्के झाला. तीन हजारांच्या खोलीवर 360 लागायचे, आता 150. कुणी जुन्या दरानं बिल लावलं तर बोलायचं. ॲपवर पहिल्या पानावर दिसणारा आकडा बऱ्याचदा कराशिवायचा असतो, तेव्हा तुलना करायची ती पैसे भरायच्या पानावरच्या आकड्याची.

आणखी एक खर्च कुणी धरत नाही. आझाद हिंद आणि मेल हावड्याला पहाटे पोचतात, चेक-इन दुपारी बाराला. हॉटेलवाला लवकर खोली द्यायला अर्ध्या दिवसाचे पैसे मागतो, आणि पूजेत देतोच असं नाही. तिथं हावड्याची रेल्वेची रिटायरिंग रूम कामाला येते. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असलं की पीएनआर घालून ती काही तासांसाठी घेता येते, जास्तीत जास्त 48 तास. आंघोळ, थोडी झोप, मग स्टेशनातूनच ग्रीन लाइन, एस्प्लनेडला बदलून ब्लू. नाहीतर गीतांजलीनं जावं, ती दुपारी पोचते.

मास्तरांनी शेवटी तारखांचा विषय काढला आणि तिथं खरी फूट पडली. "तृतीयेला पोचा, षष्ठीच्या रात्री निघा. मोठे मंडप तोवर खुले झालेले असतात, गर्दी निम्मी, भावही उतरलेले. खोलीवर यापेक्षा मोठी बचत दुसरी नाही." पैशाच्या दृष्टीनं त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. पण ताई भडकली. अष्टमीची पुष्पांजली नाही, 108 दिव्यांची संधिपूजा नाही, बेलूर मठात विवेकानंदांनी 1901 मध्ये सुरू केलेली कुमारीपूजा नाही, मग एवढ्या लांब मखरं बघायला जायचं का? मी ताईच्या बाजूनं आहे. मंडप ही कला आहे, पण पूजा अष्टमीलाच कळते. त्यासाठी महाग रात्री घ्याव्या लागल्या तर घ्याव्या, आणि पैसे वाचवायचे ते जागा नीट निवडून.

बराच वेळ भांडून मधला मार्ग निघाला: पंचमीला पोचायचं, नवमीच्या सकाळी निघायचं. दशमीचा सिंदूर खेला, म्हणजे बायका एकमेकींना सिंदूर लावतात तो, हुकतोय म्हणून ताई अजून नाराज आहे. वकील मार्क्विस स्ट्रीटच्या लॉजना फोन लावणार, मास्तर करुणामयीजवळची गेस्ट हाउस नकाशावर मोजणार, ताई हाजरा रोडला विचारणार. बंटीनं न्यू टाउनची ती अठराशेची खोली रद्द करता येण्यासारखी म्हणून बुक करूनच टाकली आणि म्हणाला, मेट्रोजवळ दोन खोल्या मिळेपर्यंत ही राहू द्या. त्याला मीही हो म्हटलं.