भेगाळ जमीन म्हणजे गाळणी नव्हे

पश्चिम विदर्भातील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या एका संदेशात तीन विधाने आहेत. काळ्या जमिनीत पाणी थराथराने सावकाश सरकते, त्यामुळे खत आणि तणनाशक विहिरीत उतरायला कित्येक वर्षे लागतात. पाऊस पडताच विहीर चढते, ती नव्या पाण्याने. आणि हे शास्त्रज्ञांनी 'जमिनीत किरणोत्सर्गी समस्थानिके सोडून' सिद्ध केले आहे. पहिली दोन विधाने एकमेकांशीच भांडतात, हे पुढे पाठवणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

तिसरे विधान लवकर निकालात निघते. समस्थानिके म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू. हायड्रोजनचे ट्रिटियम हे समस्थानिक किरणोत्सर्गी आहे आणि पाण्याचा माग काढण्यासाठी ते जमिनीत टोचलेही जाते; परंतु आज मुख्यतः वापरली जाणारी ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) आणि ऑक्सिजन-१८ (जड ऑक्सिजन) ही समस्थानिके स्थिर असून प्रत्येक पावसाच्या थेंबात मुळातच असतात. ऑक्सिजनच्या दर हजार अणूंत सुमारे दोन अणू ऑक्सिजन-१८ चे असतात. काही सोडावे लागत नाही, फक्त मोजावे लागते.

पहिल्या विधानात अर्धे तथ्य आहे. १९६० च्या दशकात हायडेलबर्गच्या संशोधकांनी दाखवले की एकजिनसी मातीत नवे पाणी जुन्याला खाली ढकलत थराथराने उतरते. आपली भारी जमीन मात्र उन्हाळ्यात अर्ध्या मीटरहून खोल भेगाळते, आणि मृगाचा जोरदार पाऊस मातीच्या कणांत न शिरता या भेगांतून थेट मुरमापर्यंत जाऊ शकतो. हे समस्थानिकांवरून असे ओळखता येते: उन्हाळ्यात वरच्या थरातील पाणी उडताना हलके रेणू आधी निघून जातात आणि जड मागे राहतात. पावसाच्या पाण्यातील ड्यूटेरियम व ऑक्सिजन-१८ यांचे नाते अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये एका सरळ रेषेत मांडले. बाष्पीभवन झालेले पाणी त्या रेषेखाली घसरते. वरच्या मातीतले पाणी रेषेखाली, पण भूजल रेषेवरच सापडले, तर ते त्या थरांना वळसा घालून उतरले असावे. (उघड्या विहिरीतही बाष्पीभवन होतेच, म्हणून नमुना पंप काही वेळ चालवून घ्यावा.) पावसाने माती फुगून भेगा मिटल्या की थराथराची चाल बरीचशी खरी ठरते, पण पेरणीसोबतचे खत जमिनीत पडते तेव्हा भेगा पूर्ण मिटलेल्या असतीलच असे नाही.

दुसऱ्या विधानात दाब आणि पाणी यांची गल्लत आहे. वरून दाब आला की मुरमात आधीच साठलेले पाणी विहिरीत ढकलले जाते. पातळी आज चढली तरी त्यातला पाऊस आजचाच असेल असे नाही. समजा, ऑक्सिजन-१८ चे मूल्य (म्हणजे त्याचे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या तुलनेत दर हजारी किती कमी-जास्त) जुन्या पाण्यात उणे दोन, पावसात उणे आठ आणि चढलेल्या विहिरीत उणे तीन आले, तर नवे पाणी सहावा हिस्साच ठरते. मात्र या हिशोबासाठी त्याच शिवारात त्याच पावसाचे पाणी काठोकाठ भरून घट्ट बंद केलेल्या बाटलीत राखलेले असावे लागते, आणि पाऊस येण्यापूर्वीचा विहिरीचा नमुनाही हाताशी असावा लागतो.