दोन घंट्यांचं घर

"इथे पूर्वी दोन कुटुंबं कोंबलेली होती. आम्ही ते सगळं नीट केलंय."

आमचं जुनं भाड्याचं घर विकायला काढलंय. आज दुपारी तिथल्या ओपन हाउसला, म्हणजे घर बघायला सगळ्यांना खुलं असतं तेव्हा, एका ब्रोकरने मला हे ऐकवलं. त्याला काय माहीत, त्या दोन कुटुंबांतलं एक आमचं होतं. घरी येऊन दोन तास झाले तरी राग उतरत नाही, म्हणून इथे लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन, तिथली बेड-स्टाय (बेडफर्ड-स्टायव्हेसंट) वस्ती. फुल्टन स्ट्रीटला ए ट्रेनमधून उतरलं की पाच मिनिटांत आमची गल्ली. वीस फूट रुंद, चार मजली ब्राउनस्टोन, म्हणजे समोरून तपकिरी दगडाचं जुनं घर. खालचे दोन मजले घरमालकीणबाईंचे, वरचे दोन आमचे. दारावर दोन घंट्या, तळघरात दोन मीटर, दोन स्वयंपाकघरं आणि मधे एकच जिना. सहा वर्षं राहिलो तिथे. बाई मूळच्या बार्बाडोसच्या. पहिल्या आठवड्यात मी त्यांना मनातल्या मनात आजी म्हणायला लागले आणि महिन्याभरात तोंडावरसुद्धा. अर्थ विचारला त्यांनी. सांगितला, तर म्हणाल्या, मग तेच म्हण.

एक प्रसंग सांगते. जवळच्यांनी दहा वेळा ऐकलाय, अकराव्यांदा ऐका. तिथला पहिलाच हिवाळा. नवरा कामासाठी बाहेरगावी आणि मी तापाने फणफणलेली. सकाळी अंथरुणातून उठवेना. दुपारी दारावर टकटक. भिंत धरत धरत जाऊन दार उघडलं तर आजी. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात सूपचं झाकलेलं भांडं. दोन्ही गुडघे गेलेली बाई ती. वर कधी यायच्याच नाहीत, आमचं टपाल आलं तर पायरीवर ठेवून हाक मारायच्या. धाप लागलेली, तशाच म्हणाल्या, "पोरी, आज तुझी पावलं आली नाहीत."

आमच्या शेगडीसमोर एक फळी होती. पाय पडला की करकरायची. रोज सकाळी सातला ती वाजली की खाली आजींना कळायचं, वरची उठली. त्या दिवशी वाजली नाही, म्हणून त्या गुडघ्यांनी एकोणीस पायऱ्या चढून आल्या.

तर, ही "कोंबलेली" कुटुंबं!

आज बघितलं, माझ्या शेगडीच्या जागी बाथटब आहे. जिन्यालगतची भिंत पाडून काच बसवलीय. घंटी एकच. दुसरीच्या भोकात पुट्टी भरून वर रंग मारलाय, पण जवळ गेलं की गोल वण दिसतो. आणि लिस्टिंगमध्ये शब्द काय, तर "प्रशस्त". दोन घरांचं एक केल्यावर प्रशस्त नाही होणार तर काय!

बाहेरून मात्र सगळं जसंच्या तसं. शेजारचा स्टायव्हेसंट हाइट्सचा भाग शहराने १९७१ साली ऐतिहासिक ठरवला, पुढे २०१३ मध्ये हद्द वाढवली. तिथे समोरची खिडकी बदलायची तरी शहराच्या वारसा जपणाऱ्या आयोगाची परवानगी लागते. चांगलंच आहे, मला त्या पायऱ्या, ते नक्षीचे कठडे फार प्रिय आहेत. पण आत किती चुली पेटतात हे त्या आयोगाच्या कामातच येत नाही. दगड जपायचा, आणि दगडामागची माणसं निम्मी झाली तरी चालेल?

हो, मला माहीत आहे कमेंटमध्ये काय येणार. ही घरं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधली तेव्हा एकाच कुटुंबासाठी होती, दोन-तीन बिऱ्हाडं नंतर झाली. खरंय. मान्य. पण का झाली ते बघा ना. १९३०च्या दशकात सरकारी नकाशात हा सगळा भाग लाल रंगवला होता, इथे काळे लोक राहतात म्हणून. बँका कर्ज देईनात. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांनी सूसू लावून, म्हणजे आपली भिशीच, पैसे जमवले आणि घरं घेतली. आजी आणि त्यांच्या यजमानांनी १९७०च्या दशकात हे घर तसंच घेतलं. हप्ता कुठून जायचा? वरच्या भाड्यातून. वरच्या स्वयंपाकघराने ते घर फेडलं. तीन मुलं शिकवली त्या भाड्यावर. आमच्याही आधी तिथे चार भाडेकरू होऊन गेले, प्रत्येकाचं नाव त्यांना पाठ होतं.

आणि शहराचं काय चाललंय बघा. २०२३च्या सरकारी पाहणीत भाड्याच्या शंभर घरांमागे रिकामी दीडसुद्धा नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये शहराच्या कौन्सिलने नियम बदलले, की एक-दोन कुटुंबांच्या घरात माळ्यावर, तळघरात, परसात अजून एक छोटं घर काढता यावं. उत्तम. मग जे आधीपासून आहे, नळ-गॅस-मीटरसकट, ते आराखडा मंजूर करून मिटवू का देता? माझं डोकं खरंच चालत नाही इथे.

रिनोव्हेशनला माझा विरोध नाही. घर गार पडायचं, वायरिंग जुनाट होतं. रंगाच्या थरांत शिसं असणारच. न्यूयॉर्कने घरातल्या शिशाच्या रंगावर बंदी आणली १९६०ला, आणि हे घर त्याआधी साठ-सत्तर वर्षांचं. ते सगळं काढायलाच हवं होतं. आजींच्या मुलांनी घर विकलं यातही त्यांची चूक नाही. आई गेली, तिघं तीन राज्यांत, कोण सांभाळणार? पण भिंती उघडून, वायरी बदलून, खिडक्या घालूनही दोन घरं दोन ठेवता येतात. त्याच गल्लीत दोघा-तिघांनी केलंय.

ब्रोकर मोठ्या अभिमानाने सांगत होता, मजल्यांच्या मधे मिनरल वूल भरलंय, खाली दुहेरी ड्रायवॉल, वरचं काही म्हणजे काही खाली ऐकू येणार नाही. आवाजाचा त्रास मीही काढलाय. रविवारी पहाटे आजींचा चर्चचा रेडिओ रेडिएटरच्या पाइपातून आमच्या उशाशी यायचा, आणि मी चिडायचे. आज मात्र तो बोलत राहिला आणि मी त्या बाथटबपाशी उभी राहून पायाने फरशी दाबून बघत होते. इथे नसेल तर थोडं डावीकडे. नवऱ्याने दंडाला धरून बाहेर आणलं.

राग गेला बहुतेक. आता नुसतं वाईट वाटतंय.

माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या ज्या दोघांनी जर्सी सिटीत टू-फॅमिली, म्हणजे दोन बिऱ्हाडांचं घर, घेतल्याचे फोटो टाकलेत, मुद्दाम तुमच्यासाठी लिहिलंय. वरचा मजला मुलांच्या खेळण्यांसाठी घ्यायचा विचार आहे असं वाचलं. घर तुमचं, पैसे तुमचे, मला बोलायचा हक्क नाही, तरी बोलते. वरचा ओटा यंदा तोडू नका. गॅसची लाइन बंद करून टाकू नका. माझ्या ऑफिसात एक मुलगी आहे, नुकती नोकरीला लागलेली, मार्चपासून घर शोधतेय. शांत आहे, सकाळी लवकर उठते. तिचा नंबर मेसेंजरवर देते.