माझी बाटली, वहिनीची बाटली

चोपड्याहून फोटो आला तेव्हा मी झ्युरिकच्या ट्राममध्ये उभी होते. वहिनी खाटेवर आडवी, खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेली सलाईनची बाटली, मनगटावर चिकटपट्टी. खाली नानाभाऊंनी लिहिलं होतं: 'कापूस येची येची थकी गई. बाटली लाई दिनी.'

पाच मिनिटांत कुटुंबाच्या ग्रुपवर जुंपली. वहिनीचा मोठा मुलगा धुळ्याला फार्मसी शिकतो. त्याने लिहिलं, 'पप्पा, ते मीठपाणी आहे. चारशे रुपये अक्षरशः पाण्यात गेले.' नानाभाऊ उसळले, 'तुले काय समजस? बाटली लाई का ती उठी बसस.' मग एक काका डॉक्टरच्या बाजूने, एक आतेभाऊ विज्ञानाच्या बाजूने. कुणीतरी मधेच नारायण मूर्तींचं आठवड्याला ७० तास कामाचं २०२३ मधलं वक्तव्य टाकलं, आणि पुण्यातल्या आयटीवाल्या भावंडांचं वेगळंच भांडण सुरू झालं. शेवटी पुतण्याने मला ओढलं: 'आत्या, तू सांग. तू तर औषधांच्या ट्रायलमध्येच काम करतेस.'

मी गप्प बसले. कारण सांगायला लाज वाटत होती. तीन आठवड्यांपूर्वी मी स्वतः बाटली लावून घेतली होती.

माझी बाटली दिसायला वेगळी होती. आरामखुर्ची, खिडकीतून तळं, आणि नळीतून उतरणारं लालसर तपकिरी पाणी. ते लोह होतं. वर्षभर मी दुपारी तीनला गळून जायचे. हिमोग्लोबिन १२.६, म्हणजे ठीक. पण शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन होतं ११. गोळ्यांनी पोट बिघडलं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी शिरेतून लोह दिलं. इथे हे फार चालतं. आमच्या ऑफिसात चार जणी भेटल्या की एखादी तरी 'माझं इन्फ्युजन झालं' म्हणते, आपल्याकडे 'बाटली लावली' म्हणतात तशीच, थोडीशी बढाई मारून. त्याचा अतिरेक होतो का, यावर स्विस डॉक्टरांमध्येही वाद आहेत. आणि गंमत म्हणजे, या लोहाच्या एका प्रकाराने काहींच्या रक्तातलं फॉस्फेट खाली जातं, आणि त्यानेही थकवा येतो.

पुतण्याला उत्तर द्यायचं तर मला आमच्याच धंद्यातली एक ट्रायल सांगावी लागते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वित्झर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वीडनमधल्या २९० बायका. सगळ्या थकलेल्या, सगळ्यांचं लोह कमी, पण हिमोग्लोबिन जवळजवळ ठीक. निम्म्यांना शिरेतून १००० मिलिग्रॅम लोह दिलं. उरलेल्यांना दिलं नुसतं सलाईन. कुणाला काय मिळालं ते त्यांना कळू दिलं नाही. आठ आठवड्यांनी थकवा मोजला, तर लोहवाल्यांपैकी ६५ टक्के बायकांचा थकवा कमी झाला होता. आणि सलाईनवाल्यांपैकी? ५३ टक्के.

म्हणजे नानाभाऊ खोटं बोलत नाहीत. मीठपाण्याची बाटली लावली की निम्म्याहून जास्त बायका उठून बसतात, आणि त्या काही खानदेशातल्या नव्हत्या, युरोपातल्या बायका होत्या. कुणीतरी आपल्याकडे लक्ष दिलं, तासभर झोपायला लावलं, 'तू थकली आहेस' हे मान्य केलं, याचं बळ येतं. शिवाय काही थकवे काळाबरोबर आपोआप ओसरतात, त्याचंही श्रेय बाटली घेऊन जाते. पण त्याच ट्रायलमधला दुसरा आकडा नानाभाऊंना ऐकवायला हवा. ज्यांचा थकवा अर्ध्यावर आला अशा बायका लोहाच्या गटात ३३ टक्के होत्या, सलाईनच्या गटात १६. थकवा निम्म्याने उतरवायचा असेल तर बाटलीत काय आहे त्याने दुपटीचा फरक पडतो.

आणि वहिनीच्या बाटलीत काय होतं? अर्धा लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. साखरेची बाटली असेल तर २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे सुमारे १०० कॅलरी. एका मध्यम केळ्यात एवढी ताकद असते, आणि आमच्या घराच्या मागल्या दाराने चार पावलं टाकली की केळीची बाग लागते. उलटीजुलाबाने कोरड्या पडलेल्या माणसाला सलाईन जीवदान देतं, त्याबद्दल वाद नाही. पण चालत्याबोलत्या, खात्यापित्या बाईला शिरेत सुई टोचून एक केळं द्यायचं, वर जंतुसंसर्गाची जोखीम घ्यायची, हे मला पटत नाही.

पुतण्याचं मात्र मला नानाभाऊंइतकंच खटकलं. त्याने 'मीठपाणी' म्हटलं आणि विषय संपवला. आईला एवढा थकवा का येतो, हे त्यानेही विचारलं नाही. ग्रुपवर सत्तर-ऐंशी मेसेज पडले, त्यात वहिनीचं हिमोग्लोबिन किती, हा प्रश्न एकाचाही नव्हता. मीही तो दुसऱ्या दिवशी विचारला.

शेवटची तपासणी धाकट्याच्या वेळी झाली होती. धाकटा आता अकरावीला आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय होता. आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे मधल्या काळात सुधारणा सोडाच, आपण मागे गेलो. कापूस वेचणाऱ्या ओळीत दहा जणी असतील तर पाच-सहा जणींचं रक्त कमी, असं धरून चालायला हरकत नाही. त्यांच्या थकव्याला वाद नकोय, तपासायला बोटातलं थेंबभर रक्त हवंय.

आमच्या कामात थकवा मोजायला प्रश्नावल्या असतात. त्यातली एक तेरा प्रश्नांची आहे, गेल्या सात दिवसांबद्दल विचारते, गुण ० ते ५२. कर्करोगापासून संधिवातापर्यंत ती सगळीकडे वापरतात. एका रविवारी मी फोनवर ती वहिनीला अहिराणीत विचारून पाहिली. संशोधनाच्या शिस्तीत हे बसत नाही, मला माहीत आहे. दिवसा झोपावं लागतं का, या अर्थाच्या प्रश्नाला ती हसली. "दिवसले कोन झोपस, ताई?" इतकं थकायला होतं का की जेवणही नको वाटतं? ती म्हणाली, सगळ्यांची ताटं झाल्यावर जे उरेल ते खायचं, त्यात नको-हवं काय. रोजची कामं करायला कुणाची मदत लागते का? "कोन करी?"

गुण मोजले तर ती माझ्यापेक्षा ठणठणीत निघाली. मी, जी आठवड्यातून पाच दिवस खुर्चीत बसते. प्रश्नावली खोटी नाही. ती ज्या बाईला समोर ठेवून बनवली, तिला दुपारी आडवं व्हायची मुभा आहे, एवढंच. वहिनीचा थकवा त्या तेरा प्रश्नांत मावत नाही, कारण थकल्यावर जे-जे करता येतं त्यातलं काहीच तिला करता येत नाही. सगळे प्रश्न संपल्यावर, फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आंगमा जीवच नही." याला गुण कुठे द्यायचे?

इथे डॉक्टर मला '५० टक्के आजारी' असं लिहून देऊ शकतात. अर्धा दिवस काम, अर्धा दिवस घरी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. गावाकडे बाई एकतर आजारी असते, म्हणजे खाटेवर असते, नाहीतर धडधाकट असते. मधलं काही नाही. म्हणूनच बाटलीला इतका मान आहे, असं आता मला वाटतं. हाताला सुई असेपर्यंत तिला कुणी चहा टाकायला सांगत नाही. पूर्वी ही सोय आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला होती. लेक माहेरी यायची, झोक्यावर बसायची, चार दिवस कुणी तिला कामाला हात लावू देत नसे. आता वहिनीच्या माहेरी तिची आईच राहिली नाही.

परदेशात सगळं शहाणपणाने चालतं असं मात्र समजू नका. जुनाट थकव्याचा एक आजार आहे, एमई-सीएफएस. त्यात थोडे श्रम झाले की दुसऱ्या दिवशी माणूस कोसळतो. ब्रिटनमध्ये ६४१ रुग्णांवरची मोठी ट्रायल २०११ मध्ये आली आणि तिने सांगितलं, हळूहळू व्यायाम वाढवा, समुपदेशन घ्या, बरं वाटेल. रुग्ण ओरडत राहिले की आमची प्रकृती उलट बिघडते. आकडे उघड करायला न्यायाधिकरणाचा आदेश लागला, २०१६ मध्ये. अखेर २०२१ मध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांतून तो ठरावीक चढता व्यायाम काढून टाकला. दहा वर्षं तिथल्या रुग्णांनी जे ऐकलं, ते आपल्याकडे दोन शब्दांत म्हणतात: नाटकं करते.

आणि तरी कर्करोगाच्या थकव्यात व्यायामच सरस ठरतो! ११३ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये आला. त्यात व्यायाम आणि मानसिक आधार हे दोन्ही औषधांच्या पुढे निघाले. नाव एकच, थकवा, पण एकाला जे उपाय तेच दुसऱ्याला अपाय. म्हणून 'रोज चालायला जा' हा पुण्या-मुंबईचा सल्लाही मला बाटलीइतकाच सरसकट वाटतो. पहाटे चारला उठून पाणी भरणाऱ्या बाईला चालायला कुठे पाठवता?

लोहाचंही तसंच आहे. सातपुड्याच्या अंगाला, नंदुरबार-धडगावकडे, भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्ताचा आजार आहे. त्यात तांबड्या पेशी १२० दिवस जगायच्या त्या दहा-वीस दिवसांत फुटतात. तिथलं कमी हिमोग्लोबिन नेहमीच लोहाच्या कमतरतेचं नसतं, आणि ज्यांना वारंवार रक्त द्यावं लागतं त्यांच्या शरीरात तर लोह जास्त साठतं. १ जुलै २०२३ ला केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, सात कोटी लोक तपासायचं ठरलं. तपासणी झाली की कार्ड मिळतं. ते कार्ड बघितल्याशिवाय तिकडच्या कुणाला मी फोनवरून 'लोह घे' म्हणणार नाही.

वहिनीचं हिमोग्लोबिन निघालं ८.४. नानाभाऊ हादरले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "मग आता लाल बाटली लावू का?" ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सिकलसेल, पाळीचा रक्तस्राव, जंत सगळं बघून गोळ्या दिल्या, फुकट. तिने त्या पूर्वीही दोनदा आणल्या होत्या आणि दोनदा सोडल्या होत्या. पोटात मळमळ, काळी शी, आणि कुणी पुढे विचारलंही नाही.

इथे माझ्या ट्रामच्या वाटेवरच्या विद्यापीठात याचं एक साधं उत्तर सापडलंय. लोहाची गोळी घेतली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते पुढचा दिवसभर आतड्याचं दार लोटून ठेवतं. दुसऱ्या दिवशीची गोळी त्या दारावर आपटते. झ्युरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की रोज घेतली तर गोळीतलं १६ टक्के लोह अंगी लागतं, दिवसाआड घेतली तर जवळजवळ २२. ती पाहणी केली इथल्या चाळीस तरुणींवर, ज्यांना रक्तक्षय नव्हताच. गरज खानदेशात, प्रयोग झ्युरिकमध्ये. याचा मला राग येतो, आणि त्याच प्रयोगांवर माझं पोट चालतं.

मी डॉक्टरांशी बोलले. मळमळीने पुन्हा सोडण्यापेक्षा दिवसाआड बरी, असं त्यांचंही मत पडलं. आता दिवसाआड लक्षात कसं ठेवायचं? पुतण्याने मोबाईलवर गजर लावून दिला, तो तिने बंद केला. तिचे उपास आहेत, सोमवार, गुरुवार आणि शनिवार. ते ती वीस वर्षांत चुकली नाही. उपासाचा दिवस तो गोळीचा दिवस, हे तिनेच ठरवलं.

फक्त गोळीच्या मागेपुढे तासभर चहा नको, चहाने लोह अडतं, हे मी सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"गोळी लिसू, ताई," ती म्हणाली. "पन चहा ते लागस."